पान चव्वेचाळीस

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी
पत्र्याची पेटी वऱ्हांड्यात ओढली.
सातवीची पोरं एकवीस, पुस्तकं एकोणीस.
दोघांना म्हणालो, अदलाबदल करून वाचा.
सोबत छापील कागद:
आवडतं पात्र कोणतं, का.
मुखपृष्ठ नव्याने काढा.
पात्राला पत्र लिहा.
चौथा उपक्रम, शेवट बदला.
कागद माझाच, तीन वर्षं तोच,
वरचं साल तेवढं खोडलेलं.

मग पंचेचाळीस अंशांचा मे आला.
अनेरच्या पात्रात वाळू डोळ्यांना टोचू लागली.
दुपारी गाव कूलरच्या ओल्या वासात झोपायचं,
गच्च्यांवर बिबड्या वाळायच्या
आणि राखणीला पोरं,
एका हातात कावळ्यांसाठी काठी,
दुसऱ्या हातात पुस्तक.
मी पाहिलं नाही. पुस्तकांनी सांगितलं.
जूनमध्ये परत आली तेव्हा
एकाच्या पाठीवर ज्वारीचा चीक वाळून खडखडत होता,
एकात केळीच्या सोपटाची खूण,
पान एकतीसला. तिथेच थांबलेली.

भाविका कोळीने सात ओळी लिहिल्या,
सातही ओळींत ‘मला खूप आवडली’.
बरोबरची खूण केली, दुसरं काय करणार.

रायली पावराने एक अक्षर लिहिलं नाही.
चित्रातल्या नाजूक राणीच्या पायांत
तिने पेन्सिलीने जाड कडी घातली होती,
गळ्यात हासळी, कपाळावर गोंदण.
राणी आता चालली तर वाजेल, अशी.
‘पुस्तकावर रेघोट्या ओढू नयेत’
असं पेटीच्या झाकणावर मीच लिहिलंय.
रायलीला काही बोललो नाही.

मुबारक तडवी सगळ्यात शेवटी आला.
वही फुगलेली.
पहिल्याच पानावर चौथ्या उपक्रमाचं उत्तर:
‘सर, शेवटच नाही, तर बदलू काय?’

पुस्तक उघडलं.
नावाड्याची मुलगी, रात्र, पूर,
चुकून आलेली बकरी परत द्यायला निघालेली.
पान चव्वेचाळीस: दोर तुटला.
पुढे वाळवी.
मग थेट मागचा पुठ्ठा, किंमत बारा रुपये.

‘आठ दिवस राग होता,’ मुबारक म्हणाला,
‘मग विचारत सुटलो.’

केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर:
बकरी पोहते, पोरगी तिचं शेपूट धरेल.
(खाली मुबारकची टीप: शेपूट असतं केवढं?)
गोळेवाला हिलालभाऊ:
‘मे महिनामा कोन बुडस रे,
नदीमा पानी ते पाह्यजे!’
घड कापणारे दोघे भाऊ,
एक म्हणे वाचली, एक म्हणे नाही,
त्या दिवशी वेगवेगळ्या सावलीत जेवले.
एक म्हातारा पोस्टमन:
पलीकडे पोहोचली, पण पत्त्यावर कुणी नव्हतं.
आणि त्याची आई, बिबड्या उलटताना:
‘दोर कच्चाच व्हता.
तिना बापले ठाऊक व्हतं.’
याच्याखाली मुबारकने टीप लिहिली नव्हती.
दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

एकूण बावीस शेवट.
माझी मधली सुट्टी त्यात गेली, डबा तसाच.

खरा शेवट मला माहीत होता.
डीएडला असताना वाचलेला:
सरपंच कंदील घेऊन येतात,
मुलीला नारळ, शाल, टाळ्या,
आणि ठळक अक्षरांत तात्पर्य.

‘सर, खरं काय झालं तिचं?’
‘बघतो,’ म्हणालो, ‘शोधावं लागेल.’
फळ्याकडे वळून उगाच तारीख पुसली.

यंदा कागद नवा छापला.
चौथा उपक्रम काढला,
त्या जागी काय घालावं ते सुचेना,
जागा रिकामीच राहू दिली.
पेटी उघडली तर नव्या सातवीचे
सगळे हात एकाच पुस्तकावर.
मुबारक आता तालुक्याला, आठवीत.
जाताना कुणाकुणाच्या कानात बोलून गेला असणार.

वाळवी लागू नये म्हणून
दर पावसाळ्याआधी मी पेटीत
कडुनिंबाचा पाला पसरतो.
यंदाही पसरला.
एक मूठ कमी.